चिऊचा जबडा वाजायचा थांबला

मोकळेशेठ हे त्याचं खरं नाव नव्हे, आणि शेठ तर तो कुठल्याच बाजूने नव्हता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं केस कापायचं दुकान. आत दोन खुर्च्या, त्यातली एक मागे कलली की पुन्हा सरळ करायला गिऱ्हाइकालाच पाय रेटावे लागायचे. दाढी-कटिंग तो बेताचीच करायचा. दोन्ही कल्ले एका रेषेत आले तर आधी त्यालाच आश्चर्य वाटायचं.

पण लोक लांबून यायचे ते कल्ल्यांसाठी नव्हे. मानेवरचे केस झटकून झाले की तो एक हात गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली घालायचा, दुसरा डोक्यामागे लावायचा आणि हळूच सांगायचा, "ढिलं सोडा. ऑफिस विसरा. बायको विसरा." माणूस बायको विसरण्याच्या बेतात असतानाच मान एकीकडे कट्, मग दुसरीकडे कट्. मग बोटं, मग खांदे, मग पाठ. आणि दर आवाजाला त्याचं एकच वाक्य, "मोकळं झालं." त्यावरूनच हे बारसं झालेलं.

"शरीर म्हणजे कड्या लावलेल्या खोल्या," तो सांगायचा. "आवाज आला की समजायचं, कडी निघाली."

"आणि नाही आला तर?" विमेवाल्याने एकदा विचारलं. हा माणूस रोज दाढीला यायचा आणि सगळ्या गल्लीच्या जिवाची काळजी हप्त्यांवर करायचा.

"तर अजून जोर लावायचा."

"तुझ्या गिऱ्हाइकाच्या मानेचा विमा आमची कंपनी काढत नाही, माहीत आहे ना?"

"तुमच्या कंपनीची मान एकदा आणा इकडे," मोकळेशेठ म्हणाला आणि विमेवाल्याचीच मान कटकन वाजवली. विमेवाला डोळे मिटून सुखावला. गल्लीतले निम्मे लोक असे डोळे मिटून सुखावलेले होते, आणि उरलेले अर्धे दुसऱ्या दिवशी मान धरून बसले तरी बोलत नव्हते, कारण दुखतंय म्हणणं म्हणजे कडी अजून अडकलीय असं कबूल करणं.

त्याची मुलगी चिऊ सहावीत होती. आई पडदे शिवायच्या दुकानात कामाला, तिला यायला संध्याकाळ व्हायची. तोवर चिऊ दुकानातल्या बाकावर बसून अभ्यास करायची, म्हणजे पेनाचं टोपण चावायची. टोपणं चावून चावून तिने इतकी चपटी केली होती की ती कुठल्याच पेनाला बसायची नाहीत.

एक दिवस तिने बिस्कीट तोडायला तोंड उघडलं आणि टक् असा आवाज आला. मोकळेशेठ एका गिऱ्हाइकाला साबण लावत होता. त्याचा ब्रश हवेतच थांबला. असल्या आवाजाला त्याचे कान शिकारी कुत्र्यासारखे तयार.

"काय वाजलं गं?"

"जबडा. रोज वाजतो."

"पुन्हा कर."

चिऊने तोंड उघडलं. टक्. मिटलं. पुन्हा बारीकसा टक्.

मोकळेशेठला जे वाटलं त्याला अभिमान हा एकच शब्द आहे. आपण दुसऱ्याची हाडं वाजवायला एवढी मेहनत घेतो आणि हिची आपोआप वाजतात, रक्तातच आहे हे, असा काहीसा त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवसापासून दुकानात कार्यक्रम सुरू झाला. दाढी झाली की, "काका, कान जरा इकडे आणा. चिऊ, कर." टक्. लोक हसायचे. निवृत्त पोस्टमनला कमी ऐकू यायचं, त्याच्या अगदी कानाशी तोंड नेऊन चिऊला आवाज काढून दाखवावा लागला. पोस्टमन गंभीरपणे म्हणाला, "आत कोणीतरी दार वाजवतंय. उघडा."

सुरुवातीला चिऊला मजा आली. कुणाला नाही येणार? मोठी माणसं एरवी तिला "काय गं, कितवीत?" याच्या पुढे काही विचारत नव्हती. मग हळूहळू ती बाकाच्या आतल्या टोकाला बसायला लागली. बापाने "कर" म्हटलं की करायची, पण गाल हाताने धरून. कान दुखतो म्हणाली. औषधाच्या दुकानातून थेंब आणले, कानात घातले, कान दुखायचा काही थांबला नाही. सकाळी उठायची ती डोकं धरून. आई म्हणाली, "झोपेत दात खाते ही. रात्रभर करकर चालू असतं. डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टरला?" मोकळेशेठ हसला. "अख्खी गल्ली सांधे घेऊन माझ्याकडे येते आणि मी माझ्या पोरीचा सांधा घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहू? लोक काय म्हणतील?"

गोष्ट खरी तिथेच बिघडली. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्याने मोठ्याने विचारला, आणि चिऊला किती दुखतंय हा विचारायचा राहून गेला.

दुकान बंद असायच्या दिवशी त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि चिऊला कलणाऱ्या खुर्चीत बसवलं. जबडा त्याने आधी कधी केला नव्हता. पण मान झाली, बोटं झाली, तर जबडा काय मोठा? त्याने गरम टॉवेल दिला, गाल चोळले, ते चिऊला बरं वाटलं. मग अंगठे आतल्या दाढांवर ठेवले, बोटं हनुवटीखाली घेतली. "ढिला सोड."

"बाबा, नको."

"दुखत नाही गं. कडी काढतोय."

त्याने खाली ओढलं आणि बाजूला वळवलं. आवाज आला नाही. म्हणून अजून जोर लावला. आता आवाज आला, पण टक् नव्हे, ओली फांदी पिळल्यासारखा काहीतरी. चिऊच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या तोंडात त्याचे अंगठे होते, तिला ओरडताही आलं नाही.

"मोकळं झालं," तो म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवसापासून जबडा वाजायचा खरंच थांबला.

पुढचे दिवस मोकळेशेठ जमिनीवर नव्हताच. जो येईल त्याला सांगायचा. "आवाज बंद. एका बैठकीत. विचारा तिला." चिऊ बाकावरून मान हलवायची आणि ओठ मिटून हसायची. पोस्टमन म्हणाला, "दार वाजवणारा आत गेला वाटतं." सगळे हसले. ती कायम ओठ मिटूनच हसते, हे एवढ्या हसण्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते आईच्या. चिऊ पावाच्या बारीक पट्ट्या कापत होती आणि पत्रपेटीत पत्र सरकवावं तशी एकेक पट्टी तोंडात सरकवत होती. सफरचंद किसून मागत होती. जांभई आली की दोन्ही हातांनी हनुवटी धरत होती. आईने घास खाली ठेवला. "तोंड उघड." चिऊने उघडलं. चमचा आडवा आत जाईल एवढं. "अजून." अजून नव्हतं.

डॉक्टरबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या टाकून होता. दात आणि जबडा, दोन्ही बघायच्या. मोकळेशेठही बरोबर गेला. जाताना बायकोला सांगत होता, "दाढ येत असेल." आत गेल्यावर मात्र त्याला खुर्ची दिसली, त्याच्या दुकानातल्यासारखीच मागे कलणारी, आणि तो दारापाशीच उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी चिऊच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली. "हळू उघड बाळा. दुखलं की थांब." तोंड जेमतेम उघडलं आणि हनुवटी उजवीकडे सरकली. त्यांनी चिऊला स्वतःची बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगितलं. तीन जायला हवीत म्हणाल्या. दुसरंच अडलं.

"आधी टक् वाजायचं का?"

"हो," आई म्हणाली. "आता थांबलंय."

"थांबलं नाहीये. या सांध्यात एक छोटी गादी असते. ती जागची सरकली की तोंड उघडताना परत जागेवर येते, त्याचा तो आवाज. आता ती परत येतच नाहीये, पुढेच अडकलीय. म्हणून आवाज नाही, आणि म्हणून तोंडही उघडत नाही."

दारापाशी उभ्या असलेल्या माणसाचे कान तापले. ज्याच्यासाठी त्याने गल्लीभर शाबासकी गोळा केली होती, ते हे होतं.

"पडली होती का कुठे?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "मार लागलाय? कुणी जबडा ओढला, दाबला, असं काही?"

हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना मिळून विचारला होता. आईने चिऊकडे पाहिलं. चिऊने बापाकडे पाहिलं. दिवसभर ज्याच्या तोंडाला खीळ नसायची तो मोकळेशेठ भिंतीवरचं दातांचं चित्र असं वाचत होता, जणू खाली प्रश्न आहेत आणि उत्तरं लिहायची आहेत.

"सायकलवरून पडले," चिऊ म्हणाली. "हनुवटीवर."

"कधी?" आई.

"मागे. सांगितलं नाही. तू ओरडली असतीस."

डॉक्टरबाईंनी हनुवटी दिव्याखाली धरली. "खूण नाही दिसत. पण हनुवटीवर पडलेल्या मुलांचं कधी कधी इथे कानापुढे हाड आतून मोडतं आणि बाहेरून कळत नाही. तसं असेल तर उपचार वेगळे. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन स्कॅन करून घ्या. तोवर मऊ खायचं, गरम शेक द्यायचा, जोर लावायचा नाही. व्यायाम हाड बघितल्यावरच सांगेन."

परत येताना आई पुढे, चिऊ मध्ये, आणि तो मागे. घरी पोचल्यावर आईने पहिलं काम केलं ते सायकल माळ्यावर टाकण्याचं. शिडी लावली, एकटीने चढवली. "पडायचं ते पडायचं, वर लपवायचं. आता पुढच्या वर्षीपर्यंत हात लावायचा नाही." चिऊने खालून सायकलीची घंटी तेवढी धरून ठेवली होती, चाक वर जाताना ती हातातून सुटली. शिडी धरायला बाप होता. शिडी मात्र त्याने घट्ट धरली.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही, आणि पसरवणारे आपण सगळे सज्जनच असतो. दुसऱ्या दिवशी विमेवाला चिऊला म्हणाला, "काय गं, सरळ रस्त्यावर पडलीस? बघून चालवावी सायकल." पोस्टमन म्हणाला, "आमच्या वेळी पोरी पडायच्या नाहीत." चिऊ ओठ मिटून हसली. मोकळेशेठच्या हातात वस्तरा होता. तो वस्तऱ्याकडे बघत राहिला, मग त्याने तो पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला.

"आणि तुझी कडी, मोकळेशेठ?" विमेवाला मान पुढे करत म्हणाला. "पडल्यावर पुन्हा लागली का? परत काढ की."

मोकळेशेठने त्याच्या मानेला हात लावला आणि काढून घेतला. "आज खांदा दुखतोय माझा."

"तुझा? मग तुझं कोण मोकळं करणार?"

दुकान हसलं. त्यालाही हसावं लागलं. आपण हसतोय आणि पोरगी बाकावरून बघतेय, या दोन गोष्टी एकाच वेळी होताना त्याला स्वतःचा चेहरा आतून जाणवला, परक्याचा चुकून घातलेला शर्ट जाणवावा तसा.

गिऱ्हाइकं गेल्यावर तो तिच्याशेजारी बाकावर बसला. ती थोडी सरकली. जागा करून द्यायला सरकली की लांब व्हायला, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

"सायकलचं का सांगितलंस?"

चिऊ टोपण शोधत होती. चावायचं नाही हे आठवून तिने हात मांडीवर ठेवला. "तुम्ही काहीच बोलला नाहीत ना. मग मला वाटलं, सांगायचं नसेल."

"अगं, पण..."

"तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतंत ना, बरं केलं म्हणून. मग लोक हसले असते तुम्हाला."

माणसाला शिव्या खायची तयारी असते, मार खायची असते. आपल्याला कुणी सांभाळून घेतलंय हे कळल्यावर काय करायचं याची तयारी नसते. आणि सांभाळणारं कोण, तर जिला धड घास तोडता येत नाही ती.

"तो स्कॅन," चिऊ म्हणाली, "त्यात बंद करून ठेवतात का?"

"कोण म्हणालं?"

"शाळेत एकीने सांगितलं. मशीन असतं. आत घालतात आणि हलायचं नाही." ती थांबली. "मी पडले नाही हे त्यात कळेल का?"

तो उठला. शटर नीट न ओढताच घरी गेला. बायको पडद्याला दुमड घालत होती, घरी आणलेलं काम. तिच्यासमोर उभा राहून त्याने सांगितलं. खुर्ची, टॉवेल, अंगठे, दोनदा ओढलं ते, "नको" म्हणाली होती तेसुद्धा. सांगताना त्याचे हात आपोआप हवेत ती कृती करायला लागले आणि त्याने ते घाईघाईने खाली केले.

बायकोने सुई कापडात खोचली.

"आणि मी सायकल वर टाकली," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही शिडी धरलीत."

त्याने मान हलवली.

"आधी ती खाली काढा. तुमच्याशी मी नंतर बोलते." आणि खरोखरच ती त्याच्याशी नंतर बोलली, बऱ्याच नंतर. मधले दिवस घरात फक्त भांडी आणि शिलाई मशीन बोलत होतं.

दवाखान्यात तो दुसऱ्या दिवशी सकाळीच गेला, चिऊला घेऊन. बाहेरच्या बाकड्यावर पोस्टमन कवळी दाखवायला आला होता. "काय मोकळेशेठ, दाढ?" पोस्टमनला सगळं ओरडून सांगावं लागायचं. मोकळेशेठला वाटलं, बरंच झालं, एकदाच सांगून होईल. आणि वाटलं, पळून जावं. तो म्हणाला, "चिऊचा जबडा मी ओढला होता. पडली नाही ती." पोस्टमन म्हणाला, "आँ?" मग त्याने तेच पुन्हा, कानाशी तोंड नेऊन, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं. चिऊ खाली बघत होती. तिचेही कान लाल झाले होते. लाज काही ज्याची त्याच्याकडेच थांबत नाही, शेजारच्यावरही सांडते.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. मोकळेशेठला तेच अवघड गेलं.

"माझ्यामुळेच झालं ना?" त्याने विचारलं.

"असं मी म्हणणार नाही. आवाज आधीपासून होता. दात खाते, टोपणं चावते, सांधा आधीच थकला होता. न ओढताही अडकला असता कदाचित. किंवा नसताही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, आणि तुम्हालाही कधी कळणार नाही. ओढायला मात्र नको होतं. आणि परवाच सांगायला हवं होतं." मग त्यांनी पुन्हा कानापुढे हात लावून तपासलं, दात नीट जुळतात का पाहिलं. "पडलीच नाही म्हटल्यावर मोठ्या हॉस्पिटलची घाई नको. इथेच साधा एक्स-रे काढू. हाड ठीक असेल तर आजपासून व्यायाम सुरू. बहुतेक मुलांचं तोंड हळूहळू उघडतं. काहींचं पूर्ण नाही उघडत, पण खाता-बोलता येतं. महिने लागतील, ताकद नाही लागणार."

हाड ठीक होतं. रात्री दातांवर बसवायचा एक साचा त्यांनी करायला घेतला, आणि व्यायाम दाखवला. जीभ टाळूला लावायची, तोंड हळू उघडायचं, हनुवटी मधल्या रेषेवरून सरकू द्यायची नाही. "मोठ्या आरशासमोर कर, म्हणजे सरकली की तुला दिसेल. घरी आहे का मोठा आरसा?"

बाप-लेक दोघंही एकदम म्हणाले, "दुकानात आहे."

दुकानात त्या आठवड्यात मोकळेशेठने तीच गोष्ट कितीतरी वेळा सांगितली. विमेवाल्याला सांगितली तेव्हा त्याचा अर्धा चेहरा साबणात होता, त्यामुळे तो उठून जाऊ शकला नाही. "म्हणजे माझी मान?" एवढंच त्याने विचारलं. "तुमची मान आता तुमच्याकडेच ठेवा," मोकळेशेठ म्हणाला. काही लोक यायचे बंद झाले. गल्लीत थट्टा झाली, व्हायचीच होती. आता त्याला लोक अडकेशेठ म्हणायला लागले. त्याने ऐकून घेतलं. चिऊसमोर म्हणाले तरी ऐकून घेतलं, आणि ते हसल्यावर या वेळी हसला नाही.

चिऊ शाळेच्या आधी दुकानात येते. गिऱ्हाईक नसतं. तो टॉवेल गरम पाण्यात बुडवतो, पिळतो, आणि तिच्या गालावर न ठेवता तिच्या हातात देतो. ती स्वतः धरते. मग आरशासमोरच्या खुर्चीत बसते, न कलणाऱ्या. पहिल्या दिवशी तो सवयीने तिच्या मागे जाऊन उभा राहिला, मग चपापून हात पाठीमागे घेतले.

चिऊने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. जीभ टाळूला लावलेली काढली.

"बाबा, हात मागे नका ठेवू."

"मग कुठे?"

"पुढे. मला दिसतील असे."

त्याने दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले, तिच्या खांद्यांपासून दूर, बोटं पसरून. तिने आरशात ते नीट बघून घेतले, आधी डावा, मग उजवा. मगच तिने हळूच तोंड उघडायला सुरुवात केली.